वरचा, खालचा आणि मोजणारा

पश्चिम बंगालमध्ये फराक्का इथे गंगेवर १०९ दरवाज्यांचे बॅरेज आहे. तिथून बांगलादेशाची हद्द जेमतेम अठरा किलोमीटर. दर वर्षी जानेवारी उजाडला की बांगलादेशाचे अभियंते इथे येऊन मुक्काम टाकतात, तो मेअखेरपर्यंत. त्याच पाच महिन्यांत भारताचे अभियंते पलीकडे हार्डिंज पुलापाशी असतात. हद्द ओलांडल्यावर गंगेची पद्मा होते, तिच्यावरचा हा जुना रेल्वेपूल. दोघांचे काम एकच, पाणी मोजणे. बॅरेजखाली किती सोडले, कोलकात्याकडे जाणाऱ्या फीडर कालव्यात किती घातले, पुलाखाली प्रत्यक्षात किती पोचले. दहा-दहा दिवसांचे आकडे मांडून वाटा ठरतो. फराक्काला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आले तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान आले तर ३५ हजार बांगलादेशाला आणि उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर गेले तर भारताचे ४० हजार, बाकी सगळे बांगलादेशाचे. ११ मार्च ते १० मे हे सर्वांत ओढीचे दिवस. तेव्हा दहा दिवस एकाला ३५ हजार पक्के, पुढचे दहा दिवस दुसऱ्याला.

४० हजार क्युसेक म्हणजे आपल्या हिशोबात दिवसाला साधारण साडेतीन टीएमसी. दहा दिवसांत पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरतील आणि वर पाच टीएमसी उरेल. म्हणजे हा हिशोब किरकोळ नाही. तरी तो कित्येक उन्हाळे, फारसा गाजावाजा न होता, दोन देशांच्या कनिष्ठ अभियंत्यांनी सांभाळला आहे.

नद्यांच्या वाटणीचा आंतरराष्ट्रीय कायदा म्हटला की डोळ्यांसमोर हेगचे न्यायालय, काळे झगे आणि जाडजूड निवाडे येतात. ते आहेतच. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा हा पसारा चाळताना माझे मत असे होत गेले की पाणी वाटण्यात हा कायदा फारसा तरबेज नाही. वाटणी शेवटी ताकदीवर, गरजेवर आणि दोन राजधान्यांच्या मनःस्थितीवर ठरते. कायद्याची कमाई दुसरीकडे आहे. वरच्याने काही करण्याआधी खालच्याला कळवावे, दोघांनी मिळून मोजावे आणि मोजलेले लपवू नये, एवढे तीन नियम त्याने हळूहळू रुजवले. जिथे ते पाळले गेले तिथे लढाईच्या दिवसांतही कारभार चालू राहिला.

पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या माणसाला या कायद्यातली सगळी तत्त्वे ठाऊक असतात, फक्त त्यांची नावे ठाऊक नसतात. हेडचा शेतकरी म्हणतो, चारी माझ्या बांधावरून जाते, आधी मी दारे धरणार. टेलचा म्हणतो, बापजाद्यांपासून जेवढे येत होते तेवढे आलेच पाहिजे. देशादेशांतही भांडण इथूनच सुरू झाले.

हेडच्या शेतकऱ्याची भूमिका सर्वांत टोकाला नेणारा माणूस वकील होता, यात आश्चर्य नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको भागातल्या शेतकऱ्यांनी रिओ ग्रांदे नदीचे पाणी इतके उचलले की खाली मेक्सिकोच्या हुआरेस भागातली शेते वाळू लागली. मेक्सिकोने तक्रार केली. १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी सरकारला लेखी सल्ला दिला: आपल्या हद्दीतल्या पाण्याचे आपण काय करावे यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचे काहीही बंधन नाही. हाच तो प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, हार्मन सिद्धान्त. गंमत पुढे आहे. हा सल्ला खिशात असूनही १९०६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी तह केला आणि दर वर्षी ६० हजार एकर-फूट, म्हणजे अडीच टीएमसीहून थोडे जास्त पाणी द्यायचे कबूल केले. तहात असेही लिहून ठेवले की यातून मेक्सिकोचा हक्क आम्ही मान्य करतो असे कोणी समजू नये. थोडक्यात, पाणी दिले, हक्क दिला नाही.

१९४४च्या तहापर्यंत तर पारडे फिरले होते. रिओ ग्रांदेच्या खालच्या टप्प्यातले बरेचसे पाणी मेक्सिकोच्या उपनद्यांतून येते, म्हणजे तिथे टेलला अमेरिकाच होती. मग कोलोरॅडो नदीचे १५ लाख एकर-फूट अमेरिकेने मेक्सिकोला द्यायचे आणि रिओ ग्रांदेच्या उपनद्यांतून वर्षाला सरासरी साडेतीन लाख एकर-फूट मेक्सिकोने अमेरिकेला, अशी देवाणघेवाण ठरली. दुसऱ्या बाजूचा हिशोब पाच वर्षांच्या खात्यावर होतो आणि खाते बंद व्हायची वेळ आली की टेक्सासचे शेतकरी आजही आरडाओरडा करतात. एका गोष्टीचा मात्र त्या तहात विसर पडला होता. १९६१च्या सुमाराला ॲरिझोनातल्या शेतांचा खारट निचरा कोलोरॅडोत सोडला जाऊ लागला आणि मेक्सिकाली खोऱ्यातली पिके जळू लागली. पाणी मापाने पूर्ण मिळत होते. तहात माप होते, चव नव्हती. तो वाद मिटायला १९७३ उजाडले.

टेलच्या शेतकऱ्याची टोकाची भूमिका फेटाळली गेली ती पिरेनीज पर्वतात. लानू नावाचे एक सरोवर फ्रान्सच्या हद्दीत आहे. त्याचे पाणी कारोल नदीतून स्पेनमध्ये उतरते आणि तिथल्या शेतांना मिळते. फ्रान्सला हे पाणी वीजनिर्मितीसाठी भलत्याच खोऱ्यात, आरिएज नदीकडे वळवायचे होते. तेवढेच पाणी आरिएजमधून बोगद्याने आणून स्पेनच्या कालव्याच्या वरच्या बाजूला कारोलमध्ये परत सोडू, असा त्यांचा प्रस्ताव. स्पेनचे म्हणणे, आमच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. १९५७ साली लवादाने सांगितले की संमती लागत नाही. सल्लामसलत मात्र लागते, आणि तीही खऱ्या मनाने. खालच्याचे हित विचारात घेतले हे दिसले पाहिजे. निवाड्यात एक बारीक जागा आहे. परत येणारे पाणी दूषित असेल किंवा त्याचे तापमान बदललेले असेल, असा दावा स्पेनने केलाच नव्हता. केला असता तर विचार करावा लागला असता, असे लवादाने सूचित केले. कोलोरॅडोच्या खारट पाण्याचे भांडण पेटायच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट.

संमती नको पण कळवायला हवे, ही लानूची मधली वाट पुढच्या सगळ्या कायद्याचा कणा ठरली. १९६६ मध्ये इंटरनॅशनल लॉ असोसिएशन या कायदेपंडितांच्या खाजगी संघटनेने हेलसिंकी इथे नियम तयार केले: प्रत्येक देशाला आपल्या हद्दीत खोऱ्यातल्या पाण्याचा न्याय्य आणि वाजवी वाटा. या नियमांना कोणत्याही सरकारची सही नाही. तरी २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक आणि तमिळनाडूचा कावेरीचा वाद मिटवताना त्यांचाच आधार घेतला. देशांमधला कायदा असा राज्यांमध्ये शिरला.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने या विषयावर दोन दशकांहून अधिक काळ खल केला आणि २१ मे १९९७ रोजी आमसभेने जलप्रवाहांविषयीचा करार मंजूर केला. बाजूने १०३ मते, विरुद्ध तीन, तटस्थ २७. विरोध करणारे तिघे चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. यांतल्या पहिल्या दोघांच्या डोंगरांत आशियातल्या किती नद्या उगम पावतात हे आठवले की विरोधाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. मला तटस्थांची यादी जास्त बोलकी वाटते. तीत भारत आहे आणि पाकिस्तानही. इजिप्त आहे आणि इथिओपियाही. वर्षानुवर्षे एकमेकांच्या पाण्यावर डोळा ठेवून असलेल्या या जोड्यांचे एका गोष्टीवर एकमत होते, या करारात अडकायचे नाही. नेपाळ आणि बांगलादेश यांनी बाजूने मत दिले. पस्तीस देशांची मान्यता मिळून करार अमलात यायला ऑगस्ट २०१४ उजाडला. पस्तिसावा देश व्हिएतनाम, मेकाँगच्या अगदी टेलला बसलेला.

करारातली खरी ओढाताण दोन कलमांत आहे. पाचवे म्हणते, प्रत्येकाने न्याय्य आणि वाजवी वापर करावा. सातवे म्हणते, दुसऱ्याची लक्षणीय हानी होऊ देऊ नये. वरच्यांना पाचवे आवडते, कारण आमचाही विकास व्हायचा आहे असे त्यात म्हणता येते. खालच्यांना सातवे आवडते. न्याय्य म्हणजे काय हे ठरवायला सहाव्या कलमात लोकसंख्या, हवामान, सध्याचे आणि पुढचे वापर, पर्यायांची उपलब्धता अशी लांबलचक यादी आहे. कोणत्या मुद्द्याला किती वजन द्यायचे ते त्यात लिहिलेले नाही. लिहिता येणारही नव्हते. त्यामुळे वाटणीच्या बाबतीत हा करार शहाण्या माणसाच्या सल्ल्यासारखा आहे, ऐकायला बरा आणि अमलात आणायला मोकळा. काटेकोर भाषा येते ती पुढे, कळवण्याच्या कलमांत. बांधकामाआधी आराखडे पाठवा, उत्तराला सहा महिने द्या, तोवर काम सुरू करू नका, आकडेवारी नियमित द्या. भारताला या करारात खटकलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे ३३वे कलम. त्याप्रमाणे बोलणी फसली तर एका पक्षाच्या मागणीवरूनसुद्धा तटस्थ सत्यशोधन समिती नेमावी लागते. म्हणजे आपल्या नदीवर तिसरा मोजणारा. त्याला आत घ्यायचे की नाही, हा प्रश्न सगळ्याच मोठ्या देशांना अवघड जातो.

याला समांतर असा युरोपचा १९९२चा जलकरार आहे. तो मुळात त्यांच्यापुरता होता, २०१६ पासून सगळ्या जगाला खुला झाला. २०२५ मध्ये बांगलादेश त्यात गेला, दक्षिण आशियातला पहिलाच देश. दिल्लीत याची फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती.

न्यायालयांकडे वळले की चित्र अधिक मजेदार होते. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी १९७७ साली डॅन्यूबवर दोन धरणांचा संयुक्त प्रकल्प ठरवला. १९८९ मध्ये पर्यावरणाचे कारण देऊन हंगेरीने काम थांबवले. पलीकडच्यांनी १९९२ मध्ये आपल्याच हद्दीत एक वेगळी रचना उभी करून डॅन्यूबचे बहुतेक पाणी वळवून घेतले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश प्रत्यक्ष जागा पाहायला गेले. त्या न्यायालयाच्या इतिहासातली ही पहिली जागापाहणी. सप्टेंबर १९९७ मध्ये निकाल आला तो असा: हंगेरीने करार सोडला हे चूक, चेकोस्लोव्हाकियाने पाणी वळवले हेही चूक, करार अजून जिवंत आहे, आता बसून बोला. गावातल्या जाणत्या पंचाने दिलेल्या निकालासारखाच हा निकाल, आणि पंचाचा निकाल जसा कित्येकदा मुरतो तसाच तोही मुरला.

२०१० मध्ये अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे या कागदाच्या लगद्याच्या कारखान्याच्या खटल्याचा निकाल लागला. सामाईक नदीवर कारखाना उभारताना उरुग्वेने संयुक्त आयोगाला आधी कळवले नव्हते. चिडलेल्या अर्जेंटिनाच्या नागरिकांनी दोन देशांना जोडणारा पूल काही वर्षे अडवून धरला होता. न्यायालय म्हणाले, कळवले नाही हा करारभंग आहे. पण प्रदूषण सिद्ध झाले नाही, तेव्हा कारखाना चालू दे. न कळवण्याची शिक्षा म्हणजे न कळवल्याची नोंद, एवढेच. यावर हसू येणे शक्य आहे. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही ठरवून टाकले की सामाईक नदीवर मोठे काम करण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करणे हे आता सर्वच देशांचे कर्तव्य आहे. हे वाक्य त्या कारखान्यापेक्षा जास्त टिकेल. चिली आणि बोलिव्हियामधला सिलाला हा छोटा ओढा तर सहा वर्षे खटल्यात राहिला. बोलिव्हिया म्हणे, रेल्वे कंपनीने १९२८ साली खोदलेल्या चरांमुळे पाणी तिकडे जाते, ते आमचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंची मते इतकी जवळ आली होती की न्यायालयाला बहुतेक मुद्द्यांवर ठरवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आता सिंधू. हा करार सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे त्याचे वेगळेपण नजरेतून सुटते. १ एप्रिल १९४८ रोजी, जैसे थे कराराची मुदत संपताच, पूर्व पंजाबने पाकिस्तानकडे जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. ऐन पेरणीच्या तोंडावर लाहोरकडची शेते कोरडी पडली. महिनाभराने पाणी सुरू झाले, पण धसका राहिला. त्या धसक्यातून, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने, १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सह्या झाल्या. या कराराने पाणी वाटलेच नाही, नद्या वाटल्या. भावाभावांच्या वाटणीत एकाच विहिरीवर पाळी लावण्याऐवजी एकाने ही विहीर घ्यावी आणि दुसऱ्याने ती, तसे. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. पाण्याच्या भाषेत भारताला वर्षाला सरासरी ३३ दशलक्ष एकर-फूट आणि पाकिस्तानला सुमारे १३५. शिवाय पाकिस्तानला नवे कालवे बांधता यावेत म्हणून भारताने दहा हप्त्यांत ६ कोटी २० लाख पौंड दिले. न्याय्य वाट्याचे तत्त्व इथे शोधू नये. ही फारकत होती.

फारकतीतही एक दोर ठेवला होता. पश्चिमेच्या नद्यांवर भारताला वाहत्या पाण्यावर वीज करता येईल, पण अटींसह. आराखडा सहा महिने आधी द्यायचा, पाकिस्तानने तीन महिन्यांत हरकत घ्यायची. दोन्ही देशांच्या सिंधू आयुक्तांनी वर्षातून एकदा तरी भेटायचे. १९६५, १९७१ आणि कारगिल या सगळ्यांतून हा आयोग टिकला.

आणि अटींमध्ये एक अट अशी की जिच्यावर पन्नास वर्षे भांडण चालले आहे: धरणाचा दरवाजा किती खोल असावा. ऐकायला क्षुल्लक. पण चिनाबसारखी हिमालयातली नदी पाण्याबरोबर डोंगर घेऊन येते. तळाशी दरवाजे नसतील तर काही वर्षांत जलाशय गाळाने भरतो. तळाशी दरवाजे असतील तर वरचा देश जलाशय हवा तेव्हा रिकामा करू शकतो आणि नेमक्या पेरणीच्या वेळी भरून घेऊ शकतो. १९४८चा एप्रिल आठवणाऱ्या पाकिस्तानला त्या दरवाज्यांत हत्यार दिसते, भारतीय अभियंत्याला तिथे मोरी दिसते. सलालच्या धरणावर १९७८ मध्ये तडजोड झाली, भारताने खालच्या मोऱ्या बुजवल्या आणि जलाशय गाळाने भरून गेला. बगलिहारच्या वेळी प्रकरण तटस्थ तज्ज्ञाकडे गेले. स्वित्झर्लंडचे रेमंड लाफीत यांनी २००७ मध्ये गाळाचे शास्त्र आता पुढे गेले आहे हे मान्य करून, थोड्या काटछाटीनंतर, दरवाज्यांना मोकळीक दिली. मग किशनगंगेच्या वेळी हेगच्या लवादाने २०१३ मध्ये पाणी वळवायला परवानगी दिली, खाली, पाकिस्तानात नीलम म्हणवणाऱ्या त्याच नदीत, सेकंदाला किमान नऊ घनमीटर पाणी सोडायला सांगितले, आणि गाळ काढण्यासाठी जलाशय ठरावीक पातळीखाली उतरवायला मात्र मनाई केली. एकच करार, एकच गाळ, सहा वर्षांत दोन उत्तरे. भारताची चिडचिड कुठून सुरू झाली हे इथे कळते. पुढच्या वादात भारताला तज्ज्ञ हवा होता, पाकिस्तानला लवाद हवा होता. २०२२ मध्ये जागतिक बँकेने दोन्ही एकाच वेळी नेमून टाकले.

पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. करारात स्थगितीचे कलम नाही. बाराव्या कलमानुसार दोघांनी मिळून नवा करार करेपर्यंत जुना चालू राहतो. करारांविषयीच्या व्हिएन्ना करारात परिस्थिती मुळापासून बदलल्यास किंवा समोरच्याने गंभीर भंग केल्यास करार थांबवायची तरतूद आहे, पण भारत त्या कराराचा पक्ष नाही. पाकिस्तानने सही केली, मान्यता दिली नाही. लवादाने जूनमध्ये सांगितले की भारताच्या निर्णयाने आपले अधिकार संपत नाहीत. भारताने लवादच बेकायदा असल्याचे पुन्हा म्हटले. वर्तमानपत्रांतून मात्र पाणी तोडल्याचे मथळे आले. तोडायला धरणे लागतात, आणि पश्चिमेच्या नद्यांवर तेवढी साठवण भारताकडे नाही. त्या क्षणी खरोखर तुटली ती माहिती: पातळ्यांचे आकडे, पुराचे इशारे, आयुक्तांच्या भेटी. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तावी नदीला पूर आला तेव्हा भारताने पाकिस्तानला इशारा दिलाच. तो आयुक्तांमार्फत न जाता उच्चायुक्तालयामार्फत गेला आणि माणुसकीच्या नात्याने दिल्याचे सांगितले गेले. १९०६च्या अमेरिकन तहाची आठवण होते: दिले, पण हक्क म्हणून नाही.

पूर्वेकडे भारताची बाजू जास्त अडचणीची आहे, हे आपल्याकडे कमी बोलले जाते. फराक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झाले ते हुगळीतला गाळ धुऊन कोलकाता बंदर वाचवण्यासाठी. मे १९७६ मध्ये बांगलादेशाचे नेते मौलाना भाशानी यांनी हजारो लोकांचा मोर्चा फराक्काच्या दिशेने काढला आणि त्याच वर्षी बांगलादेशाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७७च्या करारात बांगलादेशाला प्रवाह कितीही घटला तरी आपल्या वाट्याच्या ८० टक्क्यांची हमी होती. पुढच्या समझोत्यांत ती गेली. दोन देशांचे तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि शेख हसीना यांनी १२ डिसेंबर १९९६ रोजी केलेल्या करारात सुरुवातीला सांगितलेले सूत्र आले. या करारात लवाद नाही, तज्ज्ञ नाही. प्रवाह ५० हजार क्युसेकच्या खाली गेला तर ताबडतोब चर्चा करायची, इतकेच. आणि त्याचे तक्ते १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेले आहेत. कराराच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९९७ मध्ये, सरासरीने दगा दिला.

सरासरी हा नदीकरारांचा जुना आजार आहे. आपल्याकडे कृष्णेचा वाद सोडवताना बच्छावत लवादाने सरासरी धरली नाही; चार वर्षांपैकी तीन वर्षे मिळेल इतके, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचे २०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० असे वाटे केले. त्या निवाड्यावर महाराष्ट्रात रागावणारे पुष्कळ आहेत, पण दुष्काळ गृहीत धरण्याचा व्यवहारीपणा त्यात होता. नाईलचा १९५९चा करार पाहा. अस्वानला वर्षाला सरासरी ८४ अब्ज घनमीटर पाणी येते असे धरले. साडेपंचावन्न इजिप्तचे, साडेअठरा सुदानचे आणि दहा बाष्पीभवनाचे. सगळी नदी वाटून संपली, वाफेलासुद्धा वाटा मिळाला; जिथून बहुतेक पाणी येते त्या इथिओपियाला मात्र एक थेंबही नाही, कारण त्याला बोलावलेच नव्हते. इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर ७४ अब्ज घनमीटरचे धरण बांधायला घेतले. कोयनेच्या हिशोबात हे चोवीस-पंचवीस धरणांचे पाणी. २०१५ मध्ये तिघांनी खार्टूमला तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात न्याय्य वापर आणि हानी टाळणे ही दोन्ही तत्त्वे शेजारी-शेजारी बसवली. जलाशय भरण्याचे वेळापत्रक ठरले नाही ते नाहीच. सप्टेंबर २०२५ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले.

याच्या उलट सेनेगाल नदी. माली, मॉरिटानिया आणि सेनेगाल यांनी १९७२ मध्ये संस्था काढली आणि मालीच्या हद्दीतले मानांताली धरण तिघांच्या मालकीचे केले. खर्च वाटून, वीज वाटून. कोलंबिया नदीवर कॅनडाने धरणे बांधली आणि खाली अमेरिकेत त्यामुळे जी जास्तीची वीज तयार होते तिचा निम्मा फायदा घेतला. तिथे वाटणी पाण्याची नव्हती, पाण्यापासून मिळणाऱ्या लाभाची होती. या दोन उदाहरणांचे कौतुक प्रत्येक परिषदेत होते, अनुकरण क्वचित. तिस्तेबाबत तर २०११ मध्ये कागद तयार असतानाही पश्चिम बंगालने ऐनवेळी पाय मागे घेतला आणि करार आजही लटकलेला आहे. भारत आणि बांगलादेश यांच्यात ५४ सामाईक नद्या आहेत.

ब्रह्मपुत्रेवर आपण टेलला आहोत. २००२ पासून चीन पावसाळ्यातील पातळ्यांचे आकडे भारताला समझोत्याने देत असे. २०१७ मध्ये डोकलामचा तिढा चालू असताना ते आकडे आले नाहीत. मोजणी केंद्राचे नूतनीकरण चालू आहे असे कारण मिळाले. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटात, नदी वळण घेऊन भारतात उतरते त्याच्या अलीकडे, अवाढव्य जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. भारताने चीनकडे पारदर्शकता, आधी कळवणे, आकडे देणे मागितले. ही सगळी १९९७च्या कराराची भाषा, ज्याला चीनने विरोध केला आणि आपण तटस्थ राहिलो. पश्चिमेला वरचा, उत्तरेला खालचा आणि पूर्वेला पुन्हा वरचा अशा देशाने कोणत्या बाजूला उभे राहावे, हा हिशोब दिल्लीने अजून एका कागदावर मांडलेला दिसत नाही.

गंगा करार तीस वर्षांचा आहे. डिसेंबर २०२६ मध्ये त्याची मुदत संपते आणि तो आपोआप वाढत नाही, दोघांच्या संमतीने वाढवावा लागतो. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाचे पथक फराक्काला येऊन पाहणी करून गेले. सूत्र बदलावे की तसेच ठेवावे, सरासरी कोणत्या वर्षांची धरावी, हमी पुन्हा घालावी का, यांवर बोलणी होतील, रुसवेफुगवे होतील. त्याआधी साधा प्रश्न असा की १ जानेवारी २०२७च्या सकाळी बांगलादेशाचा अभियंता फराक्काच्या फाटकाशी येऊन उभा राहिला तर पहाऱ्यावरच्या शिपायाने कोणता कागद बघून त्याला आत सोडायचे.